नव्या तांदळाची मूठ

वडपाडा, तलासरी
१४ सप्टेंबर २०२४

आत्या,

पाया पडते. मी हर्षदा.

फोन असताना पत्र कशाला, असं तू बोलशील. पण फोन मुकेशकडं असतो, तो कंपनीत घेऊन जातो. रविवारी तू लावतेस तेव्हा तो स्पीकरवर टाकतो. तिकडं तुझ्या बाजूला ग्रेसी सिस्टर. तू विचारतेस बरं आहे का, मी बोलते बरं आहे, मग आवाज फाटतो आणि कट. नंतर मी चुलीपुढं बसून तुला सगळं सांगत बसते, जे फोनवर सांगायचं होतं ते. म्हणून लिहिते. आठवीपर्यंत शिकले त्यात जेवढं येतं तेवढं. चुका काढू नको.

रूपीला खाली दोन दात आले. रांगत नाही, बसल्या बसल्याच पुढं सरकते. जानी आजी बोलते, "तिची आत्याआजी पण अशीच सरकायची, सरकत सरकत अंदमानला गेली."

भात बरा आलाय. मुकेशनं या वर्षी सुट्टी टाकून लावणी केली. लोक त्याला घरजावई बोलून हसतात पण तो ऐकून घेतो.

आत्या, एक विचारू का? तू तिकडं किती दिवस राहणार आहेस? दिवाळीला वर्ष होईल. नर्सची नोकरी संपली की समुद्रापाशी राहायचं हे तुझं आणि ग्रेसी सिस्टरचं आधीपासून ठरलेलं, ते मला माहीत आहे. पण समुद्र तर बोर्डीला पण आहे, एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तो फुकट आहे.

आपल्या पाड्यातला सुकऱ्या आला होता. त्याला रस्त्याला लागून टायरचं दुकान टाकायचंय, त्याला आपलंच घर दिसतं. अंगणात उभा राहून बोलतो कसा, "आत्या तुझी बेटावर राणी झाली, तिला आता इथल्या शेणाच्या ओट्याचं काय?" मी बोलले, ओटा आमचा आहे. तर बोलतो, "कागदावर नाव कोणाचं आहे ते बघ. मी विचारलंय तिला. ती नाय बोलली नाय."

तू त्याला काय बोललीस? तू काही बोलली नसशील, मला माहीत आहे. तरी सांग.

आमची काळजी करू नको. धक्के आता थांबलेत, जमीन हलत नाही. तू तिथं आरामात राहा.

तुझी
हर्षदा


हॅवलॉक
३ ऑक्टोबर २०२४

हर्षदा पोरी,

तुझं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. आश्रमशाळेत तुला सोडून आले होते तेव्हा तू रडली नव्हतीस, मीच बस स्टँडवर रडले होते. त्याचं आज चीज झालं असं वाटलं.

इथं सगळं ठीक आहे. खोलीच्या दारातून समुद्र दिसतो. पाणी इतकं निळं की कोणी नीळ ओतली असं वाटतं. पण इथं सगळं बोटीतून येतं. वारा सुटला आणि बोट आली नाही की बाजारात टोमॅटो नाही, अंडी नाहीत. असतील तर हात लावायची सोय नाही. परवा मी एक पपई उचलली आणि भाव ऐकून परत ठेवली. आपल्या मागच्या पपया आपण कावळ्यांना सोडायचो, आठवतं? प्यायचं पाणीसुद्धा टँकरचं. घरमालक मंडलबाबू चांगला माणूस आहे, पण बाजूच्या दोन खोल्या त्याने पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली आहे. ते लोक एका रात्रीचे देतात ते मी महिन्याचे देते. तो काही बोलत नाही, पण मला ते दिसतं.

मला मात्र काही कमी नाही. पेन्शन आहे.

सुकऱ्याचा फोन आला होता हे खरं. मी त्याला हो म्हटलं नाही.

किती दिवस राहणार, असं तू विचारलंस. ती ओळ मी दोनदा वाचली. आरामात राहा असंही तूच लिहिलं आहेस.

एक काम कर. मुकेशच्या फोनवरून घराचे फोटो काढ आणि ग्रेसीच्या फोनवर पाठव. आतले, बाहेरचे, सगळ्या भिंती येऊ देत. आणि ओट्याची पायरी किती उंच आहे ते मोजून कळव. माझ्या खोलीत आता कोण झोपतं?

रूपीला दात आले म्हणजे जुलाब होतील. घाबरू नको. पाणी उकळून पाज.

आत्या


वडपाडा
२२ ऑक्टोबर २०२४

आत्या,

फोटो मुकेशनं पाठवले. मिळाले असतील.

पायरी माझ्या गुडघ्याच्या जरा खाली येते. मुकेशच्या दोन वीत. तू ती का मोजायला सांगितलीस ते मला कळलं नाही. मुकेश बोलला, घर बघायला येणारा माणूस अशाच गोष्टी विचारतो. मी त्याला गप्प बसवलं. पण त्याच आठवड्यात एक माणूस टेप घेऊन आला, शर्ट पँटमधला. रस्त्यापासून ओट्यापर्यंत मोजलं, भिंतीवर खडूनं खूण केली. मी विचारलं कोणी पाठवलं तुम्हाला? तो बोलला, वरून आलंय. वरून म्हणजे कुठून? मुकेश बोलतो ते नळाचे लोक असतील, सगळ्या पाड्यात मोजतायत. पण जानी आजीच्या घरी खूण नाही. आपल्याच घरी आहे. मी ती ओल्या फडक्यानं पुसली. पुसली तर गुन्हा होतो का?

तुझ्या खोलीत आम्ही झोपत नाही आता. तिथं सामान ठेवलंय, भाताच्या रिकाम्या गोण्या आणि मुकेशची सायकल. आम्ही तिघं जुन्या कुडाच्या खोलीत झोपतो. तिथं बरं पडतं.

तू हो बोलली नाहीस असं लिहिलंस. नाही बोललीस असं पण नाही लिहिलंस.

मी काही मागत नाही आत्या. आई गेली तेव्हा मी रूपीएवढी होते आणि बाबा गेले तेव्हा चौथीत. तू ड्युटी करून सगळं केलंस. घर तुझ्या नावावर आहे, तू विटांची खोली बांधलीस, हे काय मला माहीत नाही? पण मुकेशच्या घरी गंजाडला एका खोलीत आठ माणसं आहेत. तिथं पावसाळ्यात रूपीला कुठं ठेवू एवढंच माझ्या डोक्यात येतं.

हे फाडणार होते. राहू दे.

हर्षदा


हॅवलॉक
१२ नोव्हेंबर २०२४

हर्षदा,

फोटो बघितले. ग्रेसीने बोटाने मोठे करून दाखवले.

माझ्या खोलीच्या भिंतीवर माझा निरोपाचा फोटो होता, हॉस्पिटलच्या सगळ्या स्टाफबरोबरचा. तिथं आता कॅलेंडर आहे. कॅलेंडर दाराजवळ असायचं. असू दे. राहणाऱ्यानं आपल्या सोयीनं राहावं. खोलीत सामान ठेवलं तेही बरं केलं, बंद खोलीला वाळवी लागते.

ग्रेसी पुढच्या महिन्यात जाते आहे. तिचा मुलगा येऊन तिला कोट्टायमला नेणार. ती रडली, मी नाही रडले. इतकी वर्षं नाईट ड्युटीला चहा पिता पिता आम्ही या बेटाचे बेत केले. दोघींच्या पेन्शनीत भागत होतं, एकीच्यात भागणार नाही, हे लहान मूलही सांगेल.

मंडलबाबूने मला समोर बसवून सांगितलं. एक तर पाहुण्यांचा दर द्या, नाही तर एकदाच मोठी रक्कम द्या आणि मरेपर्यंत खोली तुमची. लिहून देतो म्हणाला. माझ्याकडं असं मोठं काय आहे? त्या घराशिवाय काही नाही. सुकऱ्याचा परत फोन आला होता. तोंड गोड आहे त्याचं.

अजून काही ठरवलं नाही. तू घाबरू नको. तू लहानपणापासून घाबरट.

टेपवाला मी पाठवलेला नाही. माझ्याबद्दल तुला असं वाटलं याचं आश्चर्य वाटलं.

आत्या


वडपाडा
३० नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हापासून मला भाकरी गिळवत नाही. अंगावर दूध कमी झालं म्हणून रूपी चिडते. हे तुला टोचायला लिहीत नाही, तू नर्स आहेस म्हणून सांगते.

फोटो पुसायला काढला होता. परत लावायचा राहिला. कॅलेंडर असंच टांगलं. तू मनाला लावून घेऊ नको.

टेपवाला तू पाठवलास असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे वाटलं होतं. पण एकच रात्र.

कापणी झाली. झोडणी झाली. कणगी भरली आत्या, या वर्षी वरपर्यंत! बाबा गेल्यावर पहिल्यांदा. मुकेश कणगीवर हात मारून ऐकत होता, भरल्याचा आवाज येतो का ते. तुला दाखवायची होती.

मी उखळात थोडा तांदूळ सडला, नवा. गिरणीतला नाही, हातसडीचा. फडक्यात बांधून, वर प्लास्टिक गुंडाळून डहाणूला पोस्टात दिला. पोस्टातला माणूस बोलला, "बाई, अंदमानला तांदूळ मिळत नाय का?" मी बोलले, आमचा मिळत नाही.

हा तुझ्या वाट्याचा तांदूळ आहे. तू तिकडं शिजवून खा, आम्ही इकडं खाऊ. पोचला की कळव.

आणि तू कुठं पण राहा, पण घराचं काही करण्याआधी मला सांग. मागून कळलं तर मी काय करू?

तुझी
हर्षदा


हॅवलॉक
२१ डिसेंबर २०२४

हर्षदा,

पुडी मिळाली. दाणा चांगला आहे. तुझ्या बापाच्या, चिमणच्या हातचा असायचा तसा.

समजले. तोंडानं सांगायला जड गेलं म्हणून तांदूळ पाठवलास. आपल्या घरात असंच सांगतात. तू रीतीनं केलंस, मला राग नाही.

ग्रेसी गेली.

मी फेब्रुवारीत येते. माझ्या वाट्याचं जे असेल ते चार माणसांसमोर बसून मोकळं करू, म्हणजे नंतर कुणाला बोलायला जागा नको. सुकऱ्यालाही तसं कळवलं आहे.

बाळाला जप.

निर्मला


वडपाडा
६ जानेवारी २०२५

आत्या,

काय समजलं? मी काय सांगितलं? मी फक्त तांदूळ पाठवला. तुझं पत्र मी ओट्यावर वाचलं, मग आत जाऊन वाचलं, मुकेशला वाचायला दिलं. तो बोलला, मला पण कळत नाही पण राग आहे. तू खाली आत्या लिहायचीस. या वेळी निर्मला लिहिलंस. असं तर तू हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये लिहायचीस.

रविवारी फोन आला नाही. मागच्या रविवारी पण नाही. आम्ही लावतो तर बंद लागतो. मुकेश बोलतो टॉवर नसेल. मला माहीत आहे, हे टॉवरचं नाही.

सुकऱ्या दोन माणसं घेऊन आला. मला न विचारता अंगणात फिरला. इथं हवा भरायची मशीन, इथं बाकडं, ही पपई तोडू. मी पपईला धरून उभी राहिले, रूपी कडेवर. तो हसायला लागला. "अगं, पपईला मिठी मारून काय होणार? तुझी आत्या येतेय, तिच्याच तोंडून ऐक." मुकेशला बोलला, "घरजावयाला काय, सासऱ्याचं गेलं तर बापाचं आहे." मुकेशनं हातातली बादली खाली ठेवली. मी त्याच्याकडं बघितलं तेव्हा तो परत बादली उचलून गेला. त्या दिवशी तो जेवला नाही.

आत्या, मी काय चुकले ते सांग. मला मारायचं तर मार, पण सांगून मार. रूपीला ताप होता, आता उतरलाय. तिला बघितलंस तर तू ओळखणार नाहीस.

हे पत्र मिळाल्यावर एकदा फोन कर. बोलू नको पाहिजे तर. नुसता वाजू दे.

हर्षदा


वडपाडा
२६ जानेवारी २०२५

आत्या,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण आता मला कळलं.

काल मी जानी आजीकडं गेले. ती ऊन खात बसली होती. मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, मग मी काय लिहिलं होतं ते आठवून सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "अगं बये, तू तिला वेगळी काढलीस!"

मी बोलले, मी कुठं वेगळी काढली? मी तर नवा तांदूळ पाठवला.

ती बोलली, "तेच तर. घरातलं माणूस कामाला गेलं असू दे, तुरुंगात गेलं असू दे, त्याचं नवं घरातच ठेवतात. ते आलं की सगळे मिळून खातात. घराबाहेर नवं पाठवतात ते वेगळी चूल मांडली त्याला. हा तुझा वाटा, आता तुझं तू खा, आमचं आम्ही. तुझ्या आजाला त्याच्या मोठ्या भावानं असंच काढलं होतं, पळसाच्या पानात मूठभर तांदूळ देऊन. निर्मला तेव्हा इथंच उभी होती, लहान होती. ती कशी विसरेल?"

आत्या, मला हे माहीत नव्हतं. बाबा गेल्यावर मी आश्रमशाळेत होते. नव्याच्या वेळी आम्हाला सुट्टी नसायची, आम्ही रेशनचा भात खायचो, जुना का नवा कोण बघतंय. मला वाटलं, घरातल्या मोठ्या माणसानं आधी खाल्लं की मग बाकीच्यांनी खायचं, एवढंच असतं. तू मोठी. म्हणून तुझ्याकडं पाठवला. तू तिकडं खाशील, पोचला असं लिहिशील, मग आम्ही खाऊ. आम्ही अजून खाल्लं नाही. कणगी वरपर्यंत भरलेली आहे आणि मुकेश रेशनचा तांदूळ आणतो. त्याची आई हसते. तो मला एकदाच बोलला, "आत्याचं पत्र आलं तर आहे, मग आता खायचं का?" मी बोलले, तिनं खाल्लं असं नाही लिहिलंय.

मी आजीला विचारलं, आता हे परत कसं फिरवायचं? तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग बोलली, "असं अजून कोणी येड्यानं केलंच नाय, तर उपाय कुठून असेल?"

आता दुसरं सांगते. तेही मी लपवलं.

धक्के थांबले नाहीत. मी खोटं लिहिलं. पावसाळ्यात कमी होते, ऑगस्टमध्ये एक मोठा बसला. आधी जमिनीतून घुर्र आवाज, तुला माहीतच आहे, मग भांडी वाजली. तुझ्या विटांच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली, हात आत जातो एवढी. तुझा फोटो खाली पडला. काच फुटली ती रूपीच्या गोधडीवर. रूपी त्या वेळी माझ्या मांडीवर होती. घटकाभर आधी तिथंच झोपली होती.

मी चीर मातीनं लिंपली आणि वर कॅलेंडर टांगलं. तू फोटो मागितलेस तेव्हा ते काढलं नाही. तू पगार घालून बांधलेली भिंत गेली, हे कळलं तर तू बोलशील, आता त्या घरात काय राहिलंय, विकून टाक. म्हणून लपवलं. आम्ही तुझ्या खोलीत झोपत नाही ते पण त्याचमुळं. जुनं कुडाचं हलतं, सगळं हलतं, पण फाटत नाही. तुझा फोटो पेटीत आहे, रूपीच्या कपड्यांच्या घडीत. काच नवीन बसवायची आहे.

खोटं नाही बोलत, मला घर पाहिजे. मला फार भीती वाटते घर जायची. रात्री आवाज आला की मी रूपीला उचलून अंगणात पळते. अंगण तरी आपलं आहे असं वाटतं. उद्या ते सुकऱ्याचं झालं तर मी कुठं पळू?

पण घरासाठी मी तुला वेगळी काढली, असं समजून तू मेलीस तर ते मला सोसणार नाही. घर वीक पाहिजे तर. पण मी तुला काढली नाही.

टेपवाला नळाचाच होता. नळ आला. पाणी अजून यायचंय.

तुझी
हर्षदा


पोर्ट ब्लेअर
१७ फेब्रुवारी २०२५

हर्षदा,

तुझी दोन्ही पत्रं मला एकदम मिळाली. हॅवलॉकला बोट बरेच दिवस नव्हती, टपालही अडकलं होतं. मी ती मंडलबाबूच्या पायरीवर बसून वाचली. त्याची बायको विचारायला लागली, दीदी कोण गेलं? मी म्हटलं, कोणी गेलं नाही.

रविवारी फोन मी रागानं बंद ठेवला होता; आज बंदरावरून मुकेशला लावते तर त्याचा लागत नाही, म्हणून लिहिते. आता नीट वाच, कारण यातलं काही काम तुला आजच करायचं आहे.

त्या भिंतीजवळ रूपीला न्यायचं नाही. खोलीत कोणी जायचं नाही, सायकल काढायलासुद्धा मुकेशनं एकट्यानं आणि दिवसाउजेडी जायचं. चीर लिंपून काही होत नाही, वेडी. जखम न धुता वर पट्टी बांधली तर काय होतं ते मी तुला शिकवलं नाही का? मी येईपर्यंत तिघं ओट्यावर झोपा, थंडी असेल तर गोधड्या दोन घ्या. मी आले की ती भिंत आपण पाडू. विटांना गिऱ्हाईक मिळेल. तिथं कारवीचा कूड घालू, जसा माझ्या बाबांनी घातलेला आहे तसा. मी नोकरीच्या तोऱ्यात विटांची बांधली. तेव्हा चिमण म्हणाला होता, ताई, हलणाऱ्या जमिनीवर ताठ उभं राहू नये. मी हसले होते.

तू विचारलं नाहीस पण सांगते, जमीन इथंही हलते. त्सुनामीच्या वेळी समुद्र किती वर चढला होता त्याची खूण मंडलबाबूच्या जुन्या भिंतीवर आहे, माझ्या डोक्याच्या वर. मी तुम्हाला ते कधी लिहिलं नाही. तेव्हा लपवण्यात तू एकटी नाहीस.

माझं भागत नव्हतं. ग्रेसी होती तेव्हाही ओढाताण होती. पाण्यात उड्या मारायला जे पाहुणे येतात त्यांचे पाय खडकाला कापतात. मी त्यांना समुद्रात नेणाऱ्यांच्या दुकानात बसून पट्ट्या बांधायचे, त्याचे थोडे मिळायचे. एका वेळी शिजवायचं आणि दोन वेळा खायचं. समोर निळं पाणी. पाहुणे म्हणायचे, आंटी, यू आर सो लकी. मी हो म्हणायचे. डावा गुडघा गेला आहे, वाकत नाही. पायरी म्हणून विचारली होती. मला ती चढता येईल का, एवढंच मला बघायचं होतं. परत यायचं माझ्या मनात तेव्हाच होतं. पण तू लिहिलंस आरामात राहा, किती दिवस राहणार. मग भिंतीवरून फोटो गेला, खोलीत गोण्या आल्या. मग पुडी आली.

घर विकायचा विचार मी केला होता. खोटं सांगणार नाही. पुडी आली त्या दिवशी तर मी सुकऱ्याला फोन करून ये म्हटलं. आता तो फोन फिरवला आहे. तो म्हणाला, "आत्या, मी तर टायरचा ॲडव्हान्स दिलाय." मी म्हटलं, मग ते टायर घाल तुझ्या सासऱ्याच्या बैलगाडीला.

मी जहाजाचं तिकीट काढलं आहे. चेन्नईपर्यंत समुद्र, पुढं रेल्वे. पोचायला आठवडा तरी जाईल. हे पत्र माझ्या आधी पोचतं की मी, बघू. मी पोचले नसेन तर घाबरू नको, जहाज असंच उशिरा सुटतं.

आता तांदळाचं. मी तो शिजवला नाही. भूक होती तरी शिजवला नाही. शिजवला की झालं, मी वेगळी, असं वाटत होतं. डब्यात तसाच ठेवला आणि डबा उशाशी. रागही होता, पण हात धजला नाही. आज तोच डबा पिशवीत घेऊन बंदरावर बसले आहे. जानीला उपाय सुचला नाही तर मी सांगते, मोठी मीच आहे ना घरात? नव्याची हंडी मी आल्याशिवाय चढवायची नाही. मी आले की पाण्यात पहिली मूठ ही टाकायची, त्यावर कणगीतला तांदूळ. एकदा शिजला की कुठला दाणा कुठून आला ते धान्याच्या देवीला, कणसरीलासुद्धा कळायचं नाही.

मुकेशला सांग, आणखी थोडे दिवस रेशनचा खा. आणि पायरीला मधे एक फळी टाकून ठेव.

झोपायला मी तुमच्यातच कुडात येणार. मी घोरते, तेही त्याला आधीच सांग.

सुकऱ्या रस्त्यात भेटला तर म्हणावं, राणी येते आहे. ओटा शेणानं सारवून ठेवायला सांगितलाय.

आत्या